जाते, ओवी आणि दुःखाचा आकार : गीत व रूपक यांच्या उपशमनकार्याचा तौलनिक विचार

१. प्रश्नाची मांडणी

ए. के. रामानुजन यांच्या भारतीय लोककथांच्या संग्रहात (१९९१) एक तमिळ कथा आहे. दोन मुलगे आणि दोन सुना यांच्याकडून होणारा छळ एक विधवा वृद्धा निमूटपणे सोसत असते. आपले दुःख सांगावे असे तिला कोणीच नाही. न सांगितलेले दुःख अंगात साठत जाऊन ती दिवसेंदिवस स्थूल होत जाते आणि त्यावरूनही घरात तिची थट्टा होते. एके दिवशी ती छप्पर नसलेल्या एका पडक्या घरात शिरते आणि समोरच्या भिंतीला एका मुलाविषयीची सारी गाऱ्हाणी सांगते. त्या भाराने भिंत कोसळते आणि वृद्धेचे शरीर तेवढे हलके होते. उरलेल्या तीन भिंतींना उरलेल्या तिघांविषयी सांगून झाल्यावर चारही भिंती जमीनदोस्त झालेल्या असतात. वृद्धा हलक्या अंगाने आणि हलक्या मनाने घरी परतते.

दुःख बोलून दाखविल्याने हलके होते, हा या कथेचा उघड आशय होय. परंतु कथेच्या शेवटात एक अस्वस्थ करणारा प्रश्न दडलेला आहे. वृद्धा घरी परतते, ती त्याच घरी. कोसळल्या त्या परक्या, ओसाड घराच्या भिंती. जिथे दुःख निर्माण झाले त्या घराच्या नव्हेत. शिवाय त्या भिंती एकदाच उपयोगी पडल्या. उद्याच्या दुःखासाठी वृद्धेने कोठे जावे?

मराठी लोकपरंपरेत याच परिस्थितीतील स्त्रीसमोरही एक दगडच होता. मात्र तो दुःख ऐकून कोसळत नसे. तो फिरत असे, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा आपल्या जागी असे. जात्यावरील ओवीचा विचार मनःस्वास्थ्याच्या संदर्भात करू लागताच दोन सोपी उत्तरे समोर येतात. ओवी म्हणजे 'दुःखाला वाट करून देणे', हे पहिले. ओवी म्हणजे आपल्या परंपरेत पूर्वीच सिद्ध असलेली एक संगीतोपचारपद्धती, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ओवी दुःखाला केवळ वाट देत नाही; ती त्याला आकार देते. हा आकार हाताची लय, परंपरेने हाती दिलेले रूपक आणि समोरची सहभागी श्रोती या तीन घटकांच्या एकत्र येण्यातून घडतो. त्यांपैकी एखादा घटक वेगळा काढून त्याला 'उपाय' म्हणता येत नाही.

२. ओवीचे स्थान आणि प्रसंग

ओवी श्रमाशी निगडित असल्याची नोंद फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात असा उल्लेख आढळतो. पुढे 'ज्ञानेश्वरी'ने (१२९०) ओवीला ग्रंथछंदाची प्रतिष्ठा दिली. तथापि लोकओवी आपल्या जागी, म्हणजे उखळाजवळ, जात्याजवळ आणि पाळण्याजवळ, नांदत राहिली. विसाव्या शतकात साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये तिचे संकलन केले. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना 'अपौरुषेय वाङ्मय' असे अर्थपूर्ण नाव दिले, तर सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून विपुल संग्रहकार्य केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी १९८० नंतरच्या काळात पुण्यातून उभारलेल्या संग्रहात हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागामुळे त्यांतील काही ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. 'पारी' या ग्रामीण भारतविषयक संग्रहालयाने २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्याने प्रकाशात आणल्या आहेत.

हा प्रकार केवळ मराठीचा नव्हे. भोजपुरी व मैथिली प्रदेशांतील जँतसार, कन्नड प्रदेशातील त्रिपदी छंदातील दळणाची गीते आणि विजापूर परिसरातील दखनी चक्कीनामा ही त्याची सख्खी भावंडे होत. भाषा, छंद आणि धर्म निराळे असले तरी प्रसंग एकच राहतो, हे तौलनिक अभ्यासकाने प्रथम लक्षात घ्यावयास हवे.

प्रसंगाची रचना सूक्ष्मपणे पाहण्यासारखी आहे. वेळ पहाटेची, घर निजलेले. जात्याच्या घरघरीमुळे शब्द फार दूर जात नाहीत. खुंट्याला पुष्कळदा दोन स्त्रियांचे हात असतात. दोघी समोरासमोर बसलेल्या, एकीने ओढावे आणि दुसरीने ढकलावे, मधूनमधून एकीने मुठीने दाणे वैरावेत. ही दुसरी कधी जाऊ, कधी नणंद, कधी शेजारीण असते. जवळच अर्धवट झोपेत एखादी लहान मुलगी पडलेली असते आणि तीही ऐकत, शिकत असते. दिवसा ज्या घरात सुनेला मोठ्याने बोलण्याची मुभा नसे, त्याच घरात पहाटे तिने गाणे मात्र अपेक्षित असे. दळणे हे कर्तव्य आणि गाणे हा त्या कर्तव्याचाच भाग. मौनाच्या राज्यात ही एक मान्यताप्राप्त फट होती.

३. गीत : श्वास आणि लय

लिखित रूपात ओवी दोन ओळींची दिसते. गाताना मात्र ती पसरते. अर्धा चरण पुन्हा येतो, मध्ये 'गं बाई' यासारखी पूरके येतात, एखादा शब्द लांबविला जातो. चाल मोजक्या स्वरांत फिरणारी असते. संगीतदृष्ट्या हे 'साधे' म्हणून सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. परंतु या साधेपणातच ओवीचे मानसिक कार्य दडलेले आहे. चाल सांभाळण्यासाठी लक्ष खर्च करावे लागत नसल्याने ते शब्दांसाठी मोकळे राहते. पहिल्या चरणाच्या पुनरावृत्तीमुळे दुसरा चरण जुळवायला अवधी मिळतो.

त्याहून महत्त्वाचा आहे तो श्वास. रडणाऱ्या माणसाचा श्वास तुटक होतो. हुंदका आला की वाक्य मोडते. गाणाऱ्याला मात्र चरण संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो, म्हणजेच उच्छ्वास लांबवावा लागतो. त्यात जात्याचा फेरा थांबविता येत नाही, कारण दळण पुरे व्हायचे असते. म्हणून ओवी गाणारी स्त्री एकाच वेळी दुःख उच्चारते आणि त्या दुःखाने मोडून पडण्यास नकार देते. 'भावनांचा निचरा' ही कल्पना येथे तोकडी पडते. निचऱ्यात बांध फुटतो, तर ओवीत बांध घालून पाणी पाटाने सोडले जाते.

आधुनिक मानसशास्त्रातील एक निरीक्षण या संदर्भात उद्बोधक आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सहभागी व्यक्तींना आपल्या आघातकारक अनुभवांविषयी सलग चार दिवस थोडा थोडा वेळ लिहावयास सांगितले होते. या परंपरेतील पुढील अभ्यासांतून असे दिसू लागले की, नुसती भावना ओतणाऱ्यांपेक्षा लिहिता लिहिता अनुभवाची कार्यकारणयुक्त कथा रचत गेलेल्यांना अधिक लाभ झाला. अर्थात लेखन आणि ओवी एक नव्हेत. एक एकांतातील आहे, दुसरी सहवासातील. एक स्वतःच्या शब्दांची, दुसरी बव्हंशी वारशाच्या शब्दांची. तरीही उपशमनाचे मूळ ओतण्यात नसून रचण्यात आहे, या मुद्द्यावर दोन्ही एकत्र येतात.

४. रूपक : उसने शब्द, स्वतःचे दुःख

ओवीतील रूपके बहुतांशी पारंपरिक असतात. जाते हा केवळ दगड नसून देव किंवा ऋषी आहे आणि त्याच्यापाशी मन उघडे करावे, ही कल्पना असंख्य ओव्यांतून येते. माहेर म्हणजे सावली, आईची माया म्हणजे गोडवा, सासरचा वनवास म्हणजे सीतेचा वनवास, अशा समीकरणांची एक सामाईक पुंजी प्रत्येक गायिकेच्या हाती असते. नवतेला काव्यगुण मानणारी आधुनिक समीक्षा अशा रूपकांना ठराविक म्हणून बाजूला सारते. मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने मात्र त्यांचे ठराविक असणे हेच त्यांचे सामर्थ्य ठरते.

याची दोन कारणे देता येतील. पहिले कारण संरक्षणाचे. 'सासू मला छळते' हे विधान घरात उच्चारणे धोक्याचे होते. सीतेच्या वनवासाची ओवी गाणे हे पुण्यकर्म होते. रूपकामुळे बोलणाऱ्या स्त्रीला बोलूनही न बोलल्याचा आधार मिळे. दुसरे कारण अधिक खोल आहे. तीव्र दुःख माणसाला एकटे पाडते. हे फक्त आपल्याच वाट्याला आले, अशी त्याची धारणा होते. परंपरेचे रूपक हाती घेताच गायिकेला प्रत्यय येतो की, या दुःखासाठी शब्द आधीपासून तयार होते. अर्थात आपल्याआधीही कोणीतरी येथून गेले होते. सीता गेली होती. या जात्यावर दळणारी आजेसासूही गेली होती.

जात्याच्या रूपकाची व्याप्ती धर्माच्या सीमा ओलांडते. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात (१९७८) चक्कीनाम्यांचे विवेचन केले आहे. तेथे जात्याचा खुंटा 'अलिफ' या अक्षराशी आणि पर्यायाने अल्लाशी, तर मधला आस पैगंबरांशी जोडला जातो. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल स्वतः दळायला येऊन बसतो. एका परंपरेत यंत्राची रचना ईश्वराचे चिन्ह होते, दुसऱ्या परंपरेत ईश्वर खुंट्याचा दुसरा हात होतो. दोन्हीकडे एकटीच्या श्रमात कोणीतरी सोबत आहे, ही जाणीव रूपकाने निर्माण केली आहे. खानदेशात 'घरोट' म्हटल्या जाणाऱ्या याच जात्याजवळ बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची कविता घडली. तरुणपणी आलेले वैधव्य सोसणाऱ्या या निरक्षर कवयित्रीने पारंपरिक पुंजीतून स्वतःची नवी रूपके कशी निर्माण केली, याचा साक्षात्कार १९५२ साली त्यांची गाणी प्रसिद्ध झाल्यावर मराठी वाचकांना झाला.

५. कुना गीताशी तुलना

गीत आणि रूपक यांच्या उपशमनशक्तीचे सर्वाधिक चर्चिलेले विवेचन क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९४९ साली केले. पनामातील कुना (आजच्या लेखनात गुना) समाजात अवघड प्रसूतीच्या वेळी गायिल्या जाणाऱ्या दीर्घ मंत्रगीताचा त्यांनी अभ्यास केला. गर्भ घडविणारी 'मू' ही शक्ती आपली मर्यादा ओलांडून मातेचा आत्मा हिरावून घेते. गाणारा वैद्य आपल्या साहाय्यक शक्तींसह 'मू'च्या वाटेने प्रवास करतो, संघर्ष करून तो आत्मा परत मिळवितो. ही वाट म्हणजे प्रसूत होणाऱ्या स्त्रीचाच देहमार्ग होय. लेव्ही-स्त्रोस यांच्या मते, अर्थहीन आणि म्हणून असह्य असलेल्या वेदनेला हे गीत एक भाषा पुरविते; त्या भाषेत वेदनेची पुनर्रचना होताच देह प्रतिसाद देतो.

या उपपत्तीवर महत्त्वाचा आक्षेप घेतला गेला. कुना भाषाव्यवहाराचे अभ्यासक जोएल शेर्झर यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, अशा गीतांची विशिष्ट भाषा सामान्य कुना माणसाला सहसा कळत नाही. ती रुग्णासाठी नसून शक्तींना उद्देशून असते. रुग्णाला शब्दच उमगत नसतील, तर रूपक कार्य कसे करील? लॉरेन्स किर्मायर यांनी १९९३ मध्ये या प्रश्नाची फेरमांडणी करताना, देहानुभव आणि पुराणकथा यांच्या मधला दुवा म्हणून रूपकाकडे पाहिले. या दुव्यामुळेच रूपक एकाच वेळी शरीराला आणि कथेला स्पर्श करू शकते.

ओवी या वादात एक उपयुक्त प्रतिउदाहरण ठरते. येथे गाणारा वैद्य नाही आणि मूक रुग्णही नाही. पीडित स्त्री हीच गायिका आहे. भाषा गूढ नाही, घरातलीच आहे. आणि रूपकाचा देहाशी असलेला दुवा कल्पनेत शोधावा लागत नाही, तो तिच्या हातात आहे. भरडले जाण्याचे रूपक ती भरडता भरडता उच्चारते. त्या क्षणी ती दाणाही असते आणि जाते फिरविणारा हातही. जिच्यावर सर्व काही घडते ती स्त्री, निदान दळण संपेपर्यंत, घडविणारी होते. दाण्याचे पीठ होते, आणि त्या पिठावर घर जगते. ओवीच्या उपशमनशक्तीचे मर्म या दुहेरी स्थानात आहे.

६. शोक आणि श्लोक

भारतीय काव्यशास्त्रात शोकाचा श्लोक होण्याची कथा काव्याच्या आरंभीच उभी आहे. क्रौंचवधाने व्यथित झालेल्या वाल्मीकीच्या मुखातून छंद उमटला. या प्रसंगाचे विवेचन करताना अभिनवगुप्त 'लोचना'त बजावतो की, हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये. तो तसा असता तर त्यातून आस्वाद संभवला नसता. 'अभिनवभारती'तही स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हे रसप्रतीतीतील एक विघ्न मानले आहे. साधारणीकरणासाठी निजदुःखापासून सुटका आवश्यक ठरते.

ओवी या सिद्धान्तापुढे एक अवघड प्रश्न ठेवते. तिची गायिका आपल्या निजदुःखातच बसलेली असते. सहृदय प्रेक्षकाचे अंतर तिला उपलब्ध नसते. तरीही तिचे दुःख साधारण होते. नाट्यगृहाने जे अंतर दिले असते ते येथे चाल, जात्याचा फेरा आणि सीतेचे नाव देतात. शास्त्रात साधारणीकरण ही आस्वादाची पूर्वअट आहे, तर ओवीत ते गाण्याचे फलित आहे. रसविचाराला स्त्रीगीतांच्या बाजूने घालता येणारी ही एक महत्त्वाची भर होय. तिच्याकडे समीक्षेने अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही.

७. उपशमनाची मर्यादा

येथे रामानुजन यांच्या कथेतील प्रश्नाकडे परतणे भाग आहे. ओवी गाऊन सून त्याच घरात दिवसाच्या कामाला लागते. मग ओवीने तिला बरे केले, की सोसण्यास अधिक समर्थ केले? दुःख सह्य करणारी कला अन्याय टिकविण्यास हातभार लावते, हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही.

लैला अबू-लुघोद यांनी इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील अवलाद अली बदाऊनी समाजाच्या अभ्यासात (१९८६) दाखविले की, रोजच्या बोलण्यात ताठ आणि निर्विकार राहणाऱ्या व्यक्ती 'घिन्नावा' या लघुगीतात मात्र प्रेम आणि आर्त दुर्बलता व्यक्त करतात. समाज या गीतांना तुच्छ लेखत नाही, उलट त्यांचा मान राखतो. याचा अर्थ, समाजाचा स्वतःविषयीचा दावा आणि त्याच्या माणसांचा अनुभव यांतील अंतर गीतातून जतन होते. ग्लोरिया रहेजा आणि अ‍ॅन गोल्ड यांनी उत्तर भारतातील स्त्रीगीतांच्या विवेचनात (१९९४) याच अंतराला प्रतिकाराचा अर्थ दिला.

ओवीबाबत दोन्ही बाजूंना तथ्य आहे. ओवी अन्याय दूर करीत नाही; पण अन्याय घडला याची साक्ष ती पुसूही देत नाही. वेदनेचे कारण तिच्या आवाक्याबाहेरचे आहे, वेदनेचे मुकेपण मात्र तिच्या आवाक्यात आहे. आणि परिस्थिती बदलू लागते तेव्हा हेच साधन नव्या कामाला येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांच्यावरील दलित स्त्रियांच्या ओव्या हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. चाल तीच, जाते तेच. परंतु दुःखाला आता वनवासाच्या नव्हे, तर मुक्तीच्या कथेत स्थान मिळते. सह्य करणारी भाषा आणि बदल मागणारी भाषा यांच्यात भिंत नसते, असे या ओव्या सिद्ध करतात.

८. जाते थांबल्यानंतर

पिठाची गिरणी आली आणि स्त्रीच्या आयुष्यातील एक जीवघेणा श्रम संपला. या बदलाविषयी खंत व्यक्त करणे अन्यायाचे होईल. ज्यांनी दळले त्यांनी तशी खंत क्वचितच केली असेल. परंतु श्रमाबरोबर त्याच्याभोवतीची मांडणीही गेली. पहाटेची ती निर्धोक वेळ, समोरची ती सोबतीण आणि शब्द झाकणारी ती घरघर आता उरली नाही. संग्रहांनी शब्द वाचविले, काही प्रमाणात सूरही वाचविले. ही मोठीच कृतज्ञतेची बाब होय. मांडणी मात्र संग्रहित करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांची दखल घेतली आहे. गीत आणि रूपक यांकडे आरोग्यव्यवस्था लक्ष देऊ लागली हे स्वागतार्हच आहे. अशा वेळी तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. ओवीची चाल उपचारकक्षात ऐकविली म्हणजे ओवी तेथे पोहोचली असे होत नाही. ओवी ऐकण्यासाठी नव्हती, गाण्यासाठी होती. आणि एकटीने गाण्यासाठी नव्हती, खुंट्यावरच्या दुसऱ्या हातासह गाण्यासाठी होती. आजच्या स्त्रीला तिच्या दुःखासाठी शब्द, लय आणि सोबत ही तिन्ही एकाच ठिकाणी कोठे मिळतात, हा प्रश्न जाते थांबल्यानंतरही शिल्लक राहतो. भजनी मंडळ, बचतगटाची बैठक, शेतातील खुरपणीची पात अशा ठिकाणी त्याचे अंशतः उत्तर मिळत असेल. त्याचा शोध मात्र ग्रंथालयात न बसता तेथे जाऊनच घ्यावा लागेल.

तमिळ कथेतील वृद्धेला भिंती मिळाल्या, पण त्यांनी तिला प्रत्युत्तर दिले नाही. जात्याजवळ दुसरी ओळ उचलणारी एक स्त्री समोर बसलेली होती. दगड दोन्हीकडे होता; फरक होता तो समोरच्या माणसाचा.